बलकाचा रंग सर्वानुमते

अंड्याच्या पोटातलं पिवळं नेमकं किती पिवळं असावं, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. तो माझ्या अंगावर पाडण्यात आला. पाडणारे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. एका सकाळी ते बशी घेऊन दारात उभे. बशीत फोडलेलं अंडं आणि चेहऱ्यावर सुतक.

"हे काय आहे?"

"अंडं," मी म्हणालो. मी सरळ माणूस आहे. विचारलं तेवढं सांगतो.

"ते मलाही दिसतंय. हा रंग काय आहे?"

मी चष्मा लावून पाहिलं. "पिवळा."

"याला पिवळा म्हणता? कावीळ बरी होत आलेल्या माणसाचा रंग आहे हा! दुकानातलं अंडं बघा. फोडलं की सूर्य उगवतो बशीत. तुमच्या कोंबड्या अशक्त आहेत. सभेत विषय येणार, आत्ताच सांगून ठेवतो."

बशी माझ्या हातात देऊन ते गेले. बशी आमचीच होती, हे नंतर लक्षात आलं.

आता सभेचं सांगायला हवं. आमचं घर तळमजल्यावर. मागे हातभर अंगण, अंगणात जाळीचं खुराडं, खुराड्यात आठ कोंबड्या. कोंबड्या माझ्या नाहीत, बायकोच्या. तिने त्या बुटांच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला वाढवल्या आहेत. मला ती 'अहो' म्हणते आणि कोंबड्यांना नावाने हाक मारते, यावरून घरातली पायरी ओळखा. सोसायटीने कोंबड्यांना परवानगी दिली ती एका अटीवर: अंडी सभासदांना मिळावीत आणि ती 'समाधानकारक' असावीत. दर वर्षी सभेत परवानगी नव्याने. नाही मिळाली तर कोंबड्या बाहेर. आणि बाहेर म्हणजे कुठे, तर कोपऱ्यावरचा चिकनवाला. तो येता-जाता आमच्या जाळीतून असा बघायचा, जसा शिंपी गिऱ्हाइकाच्या छातीकडे बघतो.

 बायकोने बशी धुतली, पुसली, आणि हावरीला (ही आमची सगळ्यात जाडी कोंबडी) मांडीवर घेऊन बसली. बायको बोलत नाही तेव्हा घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत होते.

मी खाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणजे बोलघेवडा माणूस; पोतं कमी आणि ज्ञान जास्त विकणारा. "काय घालता कोंबड्यांना?"

"गव्हाचा भरडा. तांदळाची कणी."

"मग बलक पांढरा नाही तर काय मोरपंखी येणार? साहेब, कोंबडी म्हणजे छापखाना. शाई तुम्ही घालाल ती. मका घाला, पिवळं येईल. झेंडूच्या पाकळ्या घाला, सोनं येईल. लाल मिरची घाला, केशर येईल."

"म्हणजे ती दुकानातली केशरी अंडी?"

"तीसुद्धा अशीच. झेंडूचा अर्क जातो खाद्यात. कंपनीकडे रंगाच्या पट्ट्या असतात. गिऱ्हाईक म्हणेल तो नंबर काढून देतात."

मला हायसं वाटलं. म्हणजे कोंबड्या ठणठणीत होत्या. आजार होता तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना. पण त्याचं औषध कोंबडीला द्यायचं, अशी जगाची रीत. जोडा पायाला लागला की माणूस जोडा बदलतो. आमच्या अध्यक्षांसारखी माणसं पाय बदलून मागतात.

मक्याचा तुटवडा होता, म्हणून झेंडूपासून सुरुवात केली. फुलवालीकडे जाऊन टोपलीभर झेंडू मागितला. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "लग्न आहे की कोणी गेलं?"

"कोंबड्यांना घालायचाय."

"बरं," ती म्हणाली आणि बाजूच्या बाईला हळूच काहीतरी सांगितलं. पुढे पंधरवडाभर ती मला शिळी फुलं फुकट देत होती. दया म्हणून. मी घेतली. स्वाभिमान मलाही आहे, पण तो टोपलीमागे घासाघीस करण्याएवढाच आहे.

पाकळ्या सुट्या करून सुकवायच्या होत्या. अंगणात वारा, म्हणून घरात. टेबलावर, सोफ्यावर, पलंगावर वर्तमानपत्रं आणि त्यावर झेंडू. आम्ही दोघं जमिनीवर झोपू लागलो. बायको शिंकायची तेव्हा पलंगावरचा झेंडू उडून माझ्या अंगावर पडायचा. मी आडवा, अंगावर फुलं, उशाशी मंद दिवा. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि दारातूनच किंचाळल्या.

आणि कोंबड्या? त्यांनी भरडा वेचून खाल्ला आणि पाकळ्या पायाने मागे उडवल्या. शेवटी पाकळ्या मिक्सरमध्ये दळल्या आणि भरड्यात कालवल्या. मग मात्र त्यांना वेगळं वेचता येईना. त्या दिवसापासून मी रोज सकाळी अंडं फोडून पाहू लागलो आणि फोडलंय म्हणून खाऊ लागलो. आज ऑम्लेट, उद्या उकडून, परवा परत ऑम्लेट. आठवडा गेला. बलक तसाच, कावीळ बरी होत आलेला. वाढलं ते फक्त माझं पोट.

"झेंडूने काय होतंय?" काकू म्हणाल्या. काकूंना सगळ्या रोगांवर एकच औषध ठाऊक आहे. गुडघा दुखला, हळद. खोकला, हळद. त्यांच्या जावयाला नोकरी लागत नव्हती तेव्हा त्यांनी त्याला हळदीचं दूध पाजलं होतं. नोकरी लागली. तेव्हापासून त्या कोणाचं ऐकत नाहीत. "हळद घाला हो! रंगच तो. कपड्याला लागला तर जात नाही, अंड्याला कसा लागणार नाही?"

युक्तिवाद बिनतोड वाटला. झेंडू बंद केला, हळद सुरू केली. दोन दिवसांत चोची पिवळ्या झाल्या. पाय होतेच पिवळे, ते आणखी झाले. पांढऱ्या पिसांवर डाग पडले. माझे तळहात, बायकोचा पदर, दाराची कडी, फोनचा रिसीव्हर, सगळं पिवळं. जगातली एकच वस्तू पिवळी व्हायची राहिली होती, आणि एका सकाळी तीही झाली. अंडं फोडलं आणि बशीत खरंच सोनं सांडलं.

मी बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. काकूंना कळवलं, ही माझी चूक. तासाभरात जिन्यात, गच्चीत, वाण्याकडे, सगळीकडे हळदीचा जयजयकार. काकू माझ्याशी बोलताना आवाज एक पट्टी खाली आणू लागल्या. विजयी माणसं आणतात तसा.

पण हळद रोज चालू, आणि सोनं रोज उतरणीला. आठवडा-दीड आठवड्यात परत पहिल्यासारखं. मी हळद दुप्पट केली. बलक आणखी फिका. तिप्पट केली. आणखी.

"तुमची हळद भेसळीची," काकूंनी निकाल दिला.

"तुम्हीच दिली होती, काकू."

"डबा तुमचा होता ना? मग!"

याच सुमारास अध्यक्ष पुन्हा उगवले. या वेळी हातात रंगाच्या दुकानातलं शेड-कार्ड. इमारत रंगवायची म्हणून आमच्या सोसायटीने हे कार्ड वर्षभर घोळवलं होतं. त्यावर सभा झाल्या, उपसमिती झाली, दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं, आणि शेवटी इमारतीला जो रंग लागला तो कार्डावर कुठेच नाही. कार्ड मात्र अध्यक्षांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. खाली लिहिलं होतं: 'श्रीमंत मध'.

"बलक असा हवा."

"हा भिंतीचा रंग आहे."

"प्रमाण नको का काहीतरी? उद्या तुम्ही म्हणाल आला रंग, मी म्हणेन नाही आला. वाद कशाला? कार्ड लावू, जुळला की झालं."

या माणसाने तीस वर्षं नोकरी केली आहे आणि वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे. ती कचेरी अजून उभी आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

श्रीमंत मध म्हणजे केशरीकडे झुकणारा. म्हणजे मिरची. "कोंबडीला तिखट लागत नाही, बिनधास्त घाला," असं खाद्यवाल्याने सांगितलंच होतं. ते खरं निघालं. कोंबड्यांनी लाल मिरचीची पूड अशी मटकावली की मलाच तोंड पोळल्यासारखं झालं. पण पूड करायची होती मला, आणि मिक्सरचं झाकण सैल होतं. पहिला खोकला आमच्या घरात झाला. दुसरा काकूंकडे. मग मजल्यामागून मजला खोकला वर चढत गेला आणि गच्चीत वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या बाईपर्यंत पोचला. अध्यक्ष खाली आले ते डोळे पुसत. नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं, हे मी तेव्हा प्रथमच समोरासमोर पाहिलं. एरवी त्यांना त्या कारणाशिवायच झोंबतात.

"तुम्ही कोंबड्यांना काय घालताय? मला सरकारी दाखला हवा! सभेच्या आत!"

गेलो. कोंबडी म्हणजे जनावर, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांच्या कचेरीत. तिथला कारकून म्हणाला, "कोंबडी आजारी आहे?"

"नाही."

"मग आमच्याकडे कशाला आणली?"

"आणली नाही. तिला झेंडू आणि मिरची घातलेली चालते, एवढं लिहून द्या."

"मिरची आमच्याकडे नाही येत. खाण्याच्या पदार्थांचं ऑफिस वेगळं."

खाण्याच्या पदार्थांच्या ऑफिसात म्हणाले, माणसाने खाल्लं तर आमचं. कोंबडीने खाल्लं तर पशुखाद्य. पण झेंडू म्हणताय ना, मग फुलं-फळबागांच्या खात्यात विचारा. त्या खात्यातल्या बाई खिडकीत बसून सफरचंद कापत होत्या. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फूल झाडावर असेपर्यंत आमचं. तोडून विकलं तरी आमचं. पण एकदा कोंबडीच्या पोटात गेलं की आमचा संबंध संपला."

"मग पोटातल्या फुलाचं कोण बघतं?"

"कोंबडी," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. सबंध दिवसात मिळालेलं हे एकच अचूक उत्तर.

दाखला नाही. बलक फिका. सभा डोक्यावर. अशा वेळी नातेवाईक येतात. माझे साडू आले. साडूंचा गुरांचा व्यवहार आहे आणि त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही प्राण्याला, माणूस धरून, म्हशीचाच आहार मानवतो.

"साडूभाऊ, काय ती फुलंबिलं घालता! कोंबडी आहे का नवरी? हे घ्या." त्यांनी सरकीच्या पेंडीचं पोतं अंगणात आदळलं. "माझी म्हैस बघा ना, कशी तुकतुकते. दुधाला साय बोटभर."

"मला साय नकोय, रंग हवाय."

"तब्येत आली की रंग येतोच. तुमच्याकडे बघूनच कळतं की तुम्ही सरकी खात नाही."

बायको म्हणाली, "अहो, नको. एका वेळी एकच काय ते घाला." पण मी ऐकलं नाही. बुडणारा माणूस काडीचा आधार घेतो. मी तर पोतंच मिठीत घेतलं. मिरची चालू, वर सरकी. हावरीने पेंडीचा फडशा पाडला. रुसकी नावाची कोंबडी पेंडीकडे पाठ करून फक्त मिरचीवर राहिली. उरलेल्यांनी थोडं हे, थोडं ते. बायको सभेसाठी रोजची अंडी फ्रिजमध्ये साठवू लागली.

सभेच्या आदल्या दिवशी मी खाद्यवाल्यावर उखडायला गेलो. त्याने झेंडूची, हळदीची, मिरचीची सगळी हकिगत ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, आज घातलेलं आज दिसतं का? बलक कोंबडीच्या पोटात हळूहळू भरत जातो. रंग दिसायला आठवडा, दहा दिवस लागतात. तुमचं ते सोनं झेंडूचं होतं! हळदीने बलकाला काही होत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का?"

 म्हणजे ज्या दिवशी मी झेंडू हरला म्हणून टाकून दिला, त्या दिवशी तो आतून जिंकत होता, आणि पदक काकूंनी नेलं. पण खरी धास्ती पुढची होती. उद्या सभेत जे फुटणार ते अंड्यात कधीच भरून झालं होतं. आता मी सोन्याचा घास घातला तरी उपयोग नव्हता. साडूंचं पेंडीचं पोतं मात्र राहून राहून डोळ्यांपुढे येत होतं.

सभा अध्यक्षांच्या घरी. माणसांपेक्षा खुर्च्या कमी आणि मतं जास्त. बायको अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. टेबलावर काचेची बशी, बाजूला शेड-कार्ड. अध्यक्षांनी गंभीरपणे पहिलं अंडं फोडलं.

केशरी. कार्डावरचा चौकोन उचलून बशीत ठेवल्यासारखा. टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, "हळद!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. अध्यक्ष तिथे थांबले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती, आणि मीही तिथेच थांबून सुखी झालो असतो.

अध्यक्ष म्हणाले, "एकावरून ठरत नाही." दुसरं फोडलं. ते रुसकीचं. लालभडक, पिकल्या टोमॅटोसारखं. टाळ्या थांबल्या. तिसरं हावरीचं. ते मात्र सरकीच्या पेंडीने हिरवट झालेलं, डबक्यातल्या शेवाळासारखं. एक बाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. मागे बसलेले साडू (त्यांना कोणी बोलावलं होतं देव जाणे) म्हणाले, "तब्येत बघा मात्र अंड्याची!"

"विष!" अध्यक्ष ओरडले. "यात काहीतरी घातलंय! कोंबड्या उद्याच्या उद्या बाहेर! आणि आता खरं, निसर्गाचं अंडं कसं असतं ते बघा." त्यांनी आतून दुकानातलं चकचकीत खोकं आणलं आणि एक अंडं फोडलं. केशरी. हुबेहूब आमच्या पहिल्यासारखं.

बायकोने टोपली छातीशी धरली. ती रडत नव्हती. ती दाराकडे बघत होती, जणू चिकनवाला आत्ताच आत येतोय. आणि माझं टाळकं सरकलं.

"कसला निसर्ग?" मी उभा राहिलो. "हा निसर्ग पोत्यातून येतो! त्यातही झेंडू आहे! कंपनीत रंगाची पट्टी लावून नंबर ठरवतात. तुम्ही कार्ड घेऊन माझ्या दारात आलात, तेच काम ते पगार देऊन करतात. फिका बलक खाऊन कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. लाल आणि हिरवा आला तो तुमच्या हट्टाने आणि माझ्या मूर्खपणाने. कोंबडीने जे खाल्लं ते तिने प्रामाणिकपणे दाखवलं. या खोलीत एवढा प्रामाणिक प्राणी दुसरा नाही!"

दोन-तीन माना खाली गेल्या. मला वाटलं, लाजली माणसं. मी माणसांना अजूनही ओळखत नाही.

काकू म्हणाल्या, "हे सांगायची काय गरज होती? आता दुकानातलं अंडं फोडताना मला झेंडूच दिसणार!"

"खरंच की. चांगलं खात होतो," कोणीतरी म्हणालं.

"सकाळच्या नाश्त्याचा सत्यानाश केला हो तुम्ही."

अध्यक्षांनी हात वर केला.  मग म्हणाले, "ठराव. कोंबड्या राहतील. अंडी पहिल्या बशीसारखी असतील. हिरवं चालणार नाही."

"म्हणजे झेंडू-मिरची घालू?"

"काय घालायचं ते घाला. सांगायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचं, मोकळ्या हिंडतात."

"जाळीत आहेत त्या."

"मनाने मोकळ्या," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब."

"आपल्या नियमांत कोंबडा बसतच नाही. फक्त कोंबड्या. बोला, कबूल?"

मी म्हणालो, "मी खोटं बोलणार नाही."

 अध्यक्षांचं पेन कागदावर थांबलेलं. माझी मान ताठ होती. कोंबड्यांच्या माना माझ्या त्या ताठ मानेवर टांगलेल्या होत्या, हे मला कळत होतं. तरी ती वाकेना.

तेव्हा बायको उठली. "कोणी खोटं बोलायचं कारण नाही," ती म्हणाली. "अंडी मी देईन. जो रंगाबद्दल विचारेल, त्याला अंडं नाही. लिहा."

ते लिहिलं गेलं. सर्वानुमते. साडूंनीही हात वर केला.

आता रोज सकाळी मागच्या दारी रांग लागते. कोणी काही विचारत नाही. हिने मला त्या वेळी अंगणात यायला बंदी केली आहे. म्हणते, तुमच्या तोंडाचा भरवसा नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो. काल अध्यक्ष दोन्ही हातांत दोन-दोन अंडी घेऊन निघाले होते. पाहुणे येणार होते त्यांच्याकडे. जाता जाता काकूंना म्हणाले, "निसर्गाचा रंग तो निसर्गाचा, काय?"

मला राहवलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी ओरडलो, "झेंडू! दोन भाग झेंडू, एक भाग मिरची!"

अध्यक्ष जागच्या जागी दचकले. दोन्ही हातांत अंडी, त्यामुळे त्यांना कान झाकता येईनात. मग त्यांनी डोळे मिटले, मोठमोठ्याने गुणगुणायला सुरुवात केली, आणि एकेक पायरी पायाने चाचपत जिना चढू लागले.